स्क्रू भार धरतो, पण कुठवर? टेलिस्कोपिक ॲक्च्युएटरच्या ब्रेकविषयी एक प्रतिवाद

गेले काही महिने कोल्हापुरात उद्यमनगरातल्या शेडपासून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत अनेकांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरतो आहे. एकात एक बसणाऱ्या स्क्रूंचा, म्हणजे टेलिस्कोपिक प्रकारचा यांत्रिक ॲक्च्युएटर (मोटरच्या फिरण्याने भार सरळ रेषेत सरकवणारे यंत्र) बनवणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना त्यात पाच गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. आट्यांचा स्क्रू स्वतःच भार धरतो, म्हणून ब्रेक ही चैन आहे. टेलिस्कोपिक रचनेत भार टप्प्यांत वाटला जातो, म्हणून ब्रेक बसवायचाच तर लहान चालतो. भार घसरू लागला तर स्प्रिंग आवळावी किंवा एक साईज मोठा ब्रेक घालावा. ग्रीस कमी ठेवले की पकड वाढते. आणि मोटर ब्रेकवाली घेतली की पुढे काही पाहावे लागत नाही. हा मजकूर लिहिणारा माणूस अनाडी नाही, कारण प्रत्येक विधानात थोडेफार तथ्य आहे आणि त्यामुळेच ते खपते. तरीही पाचही विधाने जशी लिहिली आहेत तशी चुकीची आहेत.

पहिल्या विधानापासून सुरुवात करू. स्क्रू स्वतःहून उलटा फिरणार की नाही हे आट्याचा चढ आणि घर्षण यांच्या तुलनेवर ठरते. एका फेऱ्यात नट जितका पुढे सरकतो ती लीड भागिले आट्याच्या मध्यव्यासाचा परीघ, हा झाला चढ. घर्षणांक त्याहून जास्त असेल तर भार जागच्या जागी राहतो. टेलिस्कोपिक रचनेत आतला स्क्रू बाहेरच्यापेक्षा बारीक असणारच, आणि सर्व टप्प्यांची लीड सारखी ठेवली की प्रत्येक टप्प्याचा चढ वेगळा होतो. तिन्ही टप्प्यांची लीड १० मिलिमीटर आणि मध्यव्यास अनुक्रमे ६०, ४० आणि २४ मिलिमीटर धरले, तर भार धरण्यासाठी ट्रॅपिझॉइडल आट्यांना सुमारे ०.०५, ०.०८ आणि ०.१३ इतका घर्षणांक लागतो. पोलादी स्क्रूवर ग्रीस लावलेल्या गनमेटलच्या नटाचा घर्षणांक स्थिर अवस्थेत साधारण ०.१ ते ०.१५ असतो आणि हालचाल सुरू झाली की आणखी उतरतो. म्हणजे बाहेरचा स्क्रू निःशंकपणे धरतो, मधला बहुधा धरतो आणि आतला कधी धरतो, कधी सोडतो. टप्पे एकापाठोपाठ एक उघडणाऱ्या रचनेत तर सर्वांत कच्चा टप्पा कोणता, यावरच सगळे ठरते. बाहेरचा स्क्रू कितीही भक्कम असला तरी आतल्याच्या घसरण्यावर त्याचा काही उपाय नसतो.

शिवाय हा सारा हिशेब शांत उभ्या यंत्राचा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका शेडमध्ये असाच एक ॲक्च्युएटर उभा करून त्यावर भार टांगला आणि वरच्या टोकाला डायल गेज (केसभर सरकणेही सुईने दाखवणारे मापक) लावून घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तर सुई शून्यावर. सगळे खूश. मग शेजारच्या शेडमधली पॉवर प्रेस सुरू झाली आणि दर ठोक्याला सुई केसभर पुढे सरकू लागली; दुपारच्या सुट्टीपर्यंत ती दीड मिलिमीटर गेली होती. सुट्टीत प्रेस थांबली तेव्हा सुईही थांबली, आणि प्रेस पुन्हा सुरू झाल्यावर सुईही सुरू झाली. जर्मन अभियंता गेर्हार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये बोल्टच्या बाबतीत हेच दाखवून दिले होते की आडव्या कंपनाने आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते आणि घट्ट आवळलेला बोल्टही आपोआप सुटतो. ॲक्च्युएटरचे आटे काही वेगळ्या मातीचे नसतात. शिवाय स्वतःहून धरणाऱ्या स्क्रूची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या आतच असते, म्हणजे मोटरची निम्म्याहून अधिक ताकद घर्षणात जाते. ती वाचवण्यासाठी जो बॉल स्क्रू, म्हणजे आट्यांत पोलादी गोळ्या फिरणारा स्क्रू, घेतो, त्याच्या बाबतीत हे पहिले विधान सरळ खोटेच ठरते. बॉल स्क्रू सुमारे ९० टक्के कार्यक्षम असतो, म्हणून भार येताच तो तितक्याच सहज उलटा फिरतो.

दुसरे विधान वाचायला सर्वांत सयुक्तिक वाटते आणि म्हणूनच ते सर्वांत घातक आहे. भार टप्प्यांत वाटला जात नाही. वरचा टप्पा जो भार पेलतो तोच मधल्यावर येतो आणि तोच तळाच्या थ्रस्ट बेअरिंगवर (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा दाब पेलणाऱ्या बेअरिंगवर) उतरतो. विटेवर वीट रचली म्हणून वरचे वजन खालच्या विटेपुरते कमी होत नाही. सर्व टप्पे एकाच वेळी उघडणाऱ्या रचनेत आतल्या स्प्लाइनमधून (एकमेकांत अडकणाऱ्या उभ्या खाचांमधून) फिरण्याचा जोर प्रत्येक स्क्रूला पोहोचतो, एका फेऱ्यात तिन्ही लीड मिळून ३० मिलिमीटर सरकतात, आणि भार उलटा ढकलू लागला की तिन्ही स्क्रूंचा पीळ (टॉर्क) त्याच स्प्लाइनमधून तळाशी येऊन जमा होतो. १ टन भाराचे, म्हणजे सुमारे १०,००० न्यूटनचे गणित घ्या. एका टप्प्याच्या बॉल स्क्रूला उलटा पीळ सुमारे १४ न्यूटन-मीटर येतो. तीन टप्प्यांना तो ४३ न्यूटन-मीटरवर जातो. लांबीत जे कमावले त्याची किंमत पिळात मोजावी लागते, एवढेच ब्रेक लहान चालतो म्हणणारा विसरला आहे.

आता तिसरे विधान, स्प्रिंग आवळण्याचे. मेंटेनन्समधल्या मंडळींना हे सर्वांत जवळचे वाटते, म्हणून त्याकडे थोडे निवांत पाहू. नेहमीच्या ब्रेक मोटरमध्ये स्प्रिंग ब्रेक लावते आणि वीज मिळालेली कॉइल तो सोडवते. कॉइलचे खेचणे तिच्या आणि ब्रेकच्या प्लेटच्या मधल्या गॅपवर (फटीवर) अवलंबून असते आणि गॅप वाढला की ते झपाट्याने, साधारणपणे गॅपच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, घटते. लायनर (ब्रेकचे घासणारे अस्तर) झिजला की गॅप आपोआप वाढतो. त्यात कोणी स्प्रिंग आवळली की कॉइलला प्लेट पूर्ण ओढता येत नाही, लायनर चालू मोटरवर घासत राहतो, तापतो, काळा पडतो आणि त्याची पकड आधीपेक्षाही कमी होते. मग पुन्हा स्प्रिंग आवळली जाते. खरी दुरुस्ती फिलर गेजने गॅप तपासून तो उत्पादकाने दिलेल्या मापावर आणण्याची असते. 'भार घसरतो' या तक्रारींपैकी कित्येक तर पकडीच्या नसतातच, त्या उशिराच्या असतात. ब्रेकची कॉइल रेक्टिफायरच्या (एसीची डीसी वीज करणाऱ्या भागाच्या) एसी बाजूने तोडली तर कॉइलमधला प्रवाह हळूहळू विरतो. डीसी बाजूने तोडली तर ब्रेक कितीतरी लवकर बसतो. १,४४० फेऱ्यांची मोटर, दहास एक गिअर आणि ३० मिलिमीटर एकत्रित लीड असेल तर टोकाचा वेग सेकंदाला ७२ मिलिमीटर होतो. ब्रेक बसायला ०.१ सेकंद लागला तर ७ मिलिमीटर, ०.३ सेकंद लागले तर २२ मिलिमीटर भार पुढे गेलेला असतो. हे अंतर स्प्रिंगने भरून निघत नाही, डीसी बाजू तोडणाऱ्या, कॉन्टॅक्टरच्या (विजेच्या स्विचच्या) एका जास्तीच्या तारेने निघते.

मोठ्या ब्रेकच्या सल्ल्याला वेगळे उत्तर आहे, आणि माझ्या मते या यंत्रातली खरी सुधारणा तिथेच आहे. ब्रेकला जोर स्प्रिंगने द्यायचा हे गृहीतच सोडून द्यावे आणि तो भाराकडून घ्यावा. आपल्याकडच्या प्रत्येक फाउंड्रीत चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलण्याचे साधन) टांगलेला असतो. त्यातला वेस्टन ब्रेक याच तत्त्वावर चालतो: भार खाली ओढतो तेव्हा तोच भार लायनरच्या चकत्या रॅचेटच्या चाकावर दाबतो, चढवताना रॅचेट मोकळे फिरते, उतरवताना माणसाला साखळी ओढून पकड सैल करावी लागते. ॲक्च्युएटरच्या तळाशी भार आपोआप थ्रस्टच्या रूपाने येतोच. तिथे स्क्रूचा कॉलर, घर्षणाच्या चकत्या, एकाच दिशेने फिरू देणारे रॅचेट आणि त्यामागे थ्रस्ट बेअरिंग अशी मांडणी केली की ब्रेकला वेगळी वीज लागत नाही.

या मांडणीचे गणित फार देखणे आहे. ब्रेकचा पीळ म्हणजे भार गुणिले घर्षणांक, गुणिले चकतीची सरासरी त्रिज्या, गुणिले घासणाऱ्या पृष्ठांची संख्या. उलटा फिरवणारा पीळ म्हणजे भार गुणिले लीड, भागिले २π. दोन्हीकडे भार आहे, म्हणून तो उडतो. १०० किलोला धरणारा ब्रेक १ टनालाही तितक्याच प्रमाणात धरतो. ३० मिलिमीटर एकत्रित लीडला २π ने भागले की ४.८ मिलिमीटर येतात. घर्षणांक ०.१ आणि त्रिज्या ३० मिलिमीटर धरली तर एका पृष्ठाने ३ मिलिमीटर मिळतात, ते अपुरे. दोन पृष्ठांनी ६, ते पुरेसे. एकाच टप्प्याच्या स्क्रूला मात्र १.६ लागत असल्यामुळे एक पृष्ठही चालून जाते. टेलिस्कोपिकसाठी जुन्या ॲक्च्युएटरचा ब्रेक जसाच्या तसा उचलणाऱ्यांचा भार इथेच घसरतो.

मग चार पृष्ठे का नकोत? कारण भार उतरवताना हा ब्रेक सतत घासतो. सेकंदाला ७२ मिलिमीटर वेगाने १ टन उतरताना भार ७२० वॅट देतो. दोन पृष्ठांचा ब्रेक सुमारे ९०० वॅटची उष्णता करतो, म्हणजे मोटरला १८० वॅट घालावे लागतात. चार पृष्ठांचा ब्रेक १,८०० वॅट जाळतो आणि त्यातले १,००० वॅटहून अधिक मोटरने पुरवायचे असतात. भार वर जाताना सारे ठीक आणि खाली येताना मोटर तापते, अशी तक्रार असेल तर ब्रेक गरजेपेक्षा मोठा आहे असे खुशाल समजावे. दुसऱ्या बाजूला, दोन पृष्ठांच्या या मापात घर्षणांक ०.०८ च्या खाली गेला की पकड संपते, हेही तितकेच खरे. म्हणून पृष्ठे वाढवण्यापेक्षा घर्षणांक स्थिर राहील असे पाहणे हे जास्त महत्त्वाचे काम आहे. विमानांच्या ॲक्च्युएटरमध्ये त्यासाठी तिरप्या रोलरांच्या चकत्या वापरतात. रोलर त्रिज्येशी थोडे तिरके बसवलेले असल्यामुळे ते फिरताना जरासे घसरतातही, आणि त्यांचे घर्षण तेल बदलले किंवा तापमान वाढले तरी फारसे हलत नाही. आपल्याकडच्या शेडमध्ये ते बनवणे अवघड आहे हे मान्य. परंतु लायनरच्या कोठडीत आट्यांचे ग्रीस शिरणार नाही असे चांगले सील बसवणे अवघड नाही.

यावरून चौथे विधान, ग्रीस कमी ठेवण्याचे. ब्रेकच्या कोरड्या लायनरवर ग्रीस नको, हे बरोबर. पण तो नियम आट्यांना लावणे म्हणजे चप्पल चावते म्हणून पाय कापण्यासारखे आहे. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे २६१ क्रमांकाचे उड्डाण कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळले आणि विमानातले सर्व ८८ जण मरण पावले. शेपटीचा पंख हलवणाऱ्या जॅकस्क्रूच्या नटाचे आटे वंगणाच्या अभावी झिजून गेले होते, असे अमेरिकी तपास यंत्रणेने नोंदवले. आटेच राहिले नाहीत तर जगातला कोणताही ब्रेक काय धरणार?

पाचव्या विधानाला दोन-तीन वाक्ये पुरेत. मोटर आणि स्क्रू यांच्यामधली चावी (की), कपलिंग किंवा गिअरचा दात तुटला तर मोटरचा ब्रेक मोटरलाच धरून बसतो आणि भार खाली येतो. म्हणून भार धरणारा ब्रेक स्क्रूच्या बुंध्याशी आणि थांबवणारा ब्रेक मोटरवर, अशी दोन कामे वाटून द्यावीत. मोटर व्हीएफडीवर (वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर) असेल तर तिच्या ब्रेकची वीज थेट लाइनवरून वेगळी घ्यावी, कारण व्हीएफडीच्या बदलत्या व्होल्टेजवर कॉइल धड सुटत नाही.

आणि तपासणी कधी करायची, हे त्या मजकुरात कुठेच नाही. आपल्या पावसाळ्यात चार आठवडे बंद राहिलेल्या ब्रेकच्या चकतीवर गंजाचा पातळ थर येतो आणि पहिल्या काही फेऱ्यांत पकड वेडीवाकडी लागते. तेव्हा यंत्र सुरू करण्याआधी पाच-सहा वेळा भाराशिवाय चालवून थांबवावे, मग पूर्ण भार टांगून डायल गेज लावावा, आणि शेजारची प्रेस चालू असतानाच सुईकडे पाहावे.