"शेवटी मारायचाच ना?" : उंदीर सांभाळायच्या ट्रेनिंगवरच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यापासून एक मेसेज आमच्या तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर आला, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आला, आणि काल माझ्या मावसभावाने घरच्या ग्रुपवर टाकून खाली विचारलं, "ताई, हे तुमच्याच लाइनचं आहे ना? खरं आहे का?" मेसेज असा आहे:

"आता शास्त्रज्ञांना उंदीर सांभाळायचं ट्रेनिंग! शेवटी मारायचाच ना, मग लाड कशाला? दवाखान्यात डॉक्टर नाही आणि उंदराला एसी. पीएचडी झालेल्या माणसाला उंदीर धरता येत नाही का? वावरात आपण विष घालून मारतो, तेव्हा कोणी ट्रेनिंग देत नाही. हे सगळं परदेशी खूळ, सर्टिफिकेट वाटायचा धंदा. पुढे पाठवा."

भाऊ, लाइन माझीच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात मी फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो ते शास्त्र, शिकवते. आमच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये पांढरे उंदीर आहेत. मोठे ते विस्टार रॅट, छोटे ते माईस. त्यांच्यावर औषधांचे प्रयोग होतात आणि प्रयोग संपल्यावर त्यातले बहुतेक मारले जातात. हे मी कुणापासून लपवत नाही. म्हणूनच मेसेजमधलं पहिलं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

"शेवटी मारायचाच ना, मग लाड कशाला?"

एम.फार्म.ला असताना मी दुखणं कमी करणाऱ्या एका वनस्पतीच्या अर्कावर काम करत होते. त्यासाठी हॉट प्लेट वापरतात. 55 अंशांना तापलेल्या पत्र्यावर उंदीर ठेवायचा आणि तो पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजायचे. 15 सेकंद झाले की काहीही झालं तरी उचलायचा, नाहीतर पंजा भाजतो. औषध दिलेला उंदीर साधं पाणी दिलेल्या उंदरापेक्षा जास्त वेळ थांबला, तर औषध लागू पडलं असं धरतात.

मला उंदीर धरायला कुणी शिकवलं नव्हतं. मी शेपटी पकडून उचलायचे. तो ओरडायचा, मी घाबरायचे आणि पकड आणखी घट्ट करायचे. एकदा शेपटीचं टोक हातात असताना त्याने झटका दिला आणि टोकाची कातडी माझ्या बोटांत राहिली. ते दृश्य आजही डोळ्यांपुढून जात नाही. आणि रीडिंग काय यायचं? साधं पाणी दिलेले उंदीरसुद्धा पत्र्यावर बराच वेळ थांबायचे. कधी थांबायचे, कधी नाही. मी स्टॉपवॉच बदललं, हॉट प्लेटचा थर्मामीटर बदलला. दोन महिने गेले.

कारण मला फार उशिरा कळलं. प्रचंड भीती वाटली की शरीर स्वतःच दुखणं दाबून टाकतं. निंदताना विळ्याने बोट कापलं आणि त्याच वेळी समोर साप निघाला, तर बाईला बोटाचं दुखणं साप गेल्यावरच कळतं. माझ्या हाताच्या धाकाने उंदरांचं तेच होत होतं, आणि मी ते औषधाच्या खात्यात लिहायला निघाले होते. 2010 मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातून निघालेल्या एका अभ्यासात दिसलं, की शेपटीने उचललेले माईस माणसाच्या हाताला टाळतात. नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललेले हाताजवळ येतात. 2014 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून याहून चकित करणारी गोष्ट पुढे आली: प्रयोग करणारा पुरुष असला, नुसता त्याने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला, तरी त्या वासाच्या ताणाने उंदरांचं दुखणं कमी झाल्यासारखं दिसतं.

माझ्या एका वर्गमित्राचं याहून वाईट झालं. उंदराला तोंडाने औषध देताना बोथट गोळीच्या टोकाची सुई घशातून पोटात उतरवायची असते. आधी बाहेरून तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत लांबी मोजून घ्यायची, आणि अडलं तर जोर लावायचा नाही. त्याने जोर लावला. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात तीन उंदीर मेलेले. "जास्त डोसला औषध विषारी ठरतं" असं तो लिहिणार होता. उघडून पाहिलं तर औषध फुप्फुसात. औषधाचा काही दोष नव्हता, ते तीन जीव फुकट गेले.

मारायचाच आहे म्हणूनच काळजी घ्यायची. तो मरताना जे उत्तर देऊन जातो तेच आपण माणसाच्या गोळीवर लिहिणार असतो. आणि हिशेब पूर्ण बाजूला ठेवला, तरी त्याला दुखतं. एवढं कारणही मला पुरेसं आहे.

"पीएचडी झालेल्याला उंदीर धरता येत नाही का?"

नाही येत. माझे बाबा गोठ्याच्या दारातूनच सांगायचे, "आज ढवळ्याने रवंथ सोडलं." पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद-तूप लावून शेकायचा, जू कुठे लागलंय ते बोटांनी चाचपायचं, हे ते आठव्या-नवव्या वर्षापासून आजोबांच्या मागे फिरून शिकले होते. संशोधन करणारी पोरं उंदराजवळ येतात तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, आणि तोवर त्यांनी उंदीर बघितलेला असतो तो धान्याच्या पोत्यामागे पळताना.

शिवाय उंदीर हा दुसऱ्यांचं भक्ष्य होणारा प्राणी. दुखणं दाखवलं की मांजर नाहीतर घुबड आधी त्यालाच उचलणार, म्हणून तो ते लपवतो. आपण सकाळी अकराला पाहायला जातो तेव्हा त्याची रात्र चालू असते. झोपलेला आणि आजारी यातला फरकही नव्या माणसाला कळत नाही. ट्रेनिंगमध्ये हेच बघायला शिकवतात. डोळे किती मिटलेत, नाक आणि गाल कसे फुगलेत, कान कुठे वळलेत, मिशा कशा ताठरल्यात, या पाच खुणांवरून माईसच्या दुखण्याला गुण देता येतात. माझ्या विद्यार्थिनी दर वर्षी धावत येतात, "मॅडम, रॅटच्या डोळ्यांतून रक्त येतंय!" ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा लालसर स्राव असतो, उंदीर ताणात किंवा आजारी असला की तो डोळ्यांभोवती आणि नाकाशी वाळून बसतो. निरोगी उंदीर तो पुसून टाकतो. ज्याने अंग पुसणं सोडलं, त्याचं काहीतरी बिघडलंय.

"दवाखान्यात डॉक्टर नाही आणि उंदराला एसी"

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसणं काय असतं, ते आमच्या घराने भोगलं आहे. तो राग खरा आहे. पण ती जागा उंदराच्या एसीमुळे रिकामी राहिलेली नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. देशातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की प्राण्यांच्या खोलीचं तापमान 18 ते 29 अंशांच्या आत असावं. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. फार उकडलं की तो लाळ अंगाला चोपडतो आणि तिच्या ओलाव्यावर गार होतो. आमचं अ‍ॅनिमल हाउस सांभाळणाऱ्या काकांनी एका मे महिन्यात मला हाक मारून दाखवलं होतं. दुपारी चार तास लाइट नव्हती, आणि एका पिंजऱ्यातल्या सहाही रॅटच्या हनुवटीखालचे आणि छातीवरचे केस ओले चिंब. अशा उंदराचं खाणं तुटतं, वजन उतरतं, पाणी पिणं वाढतं. औषधाचा डोस आपण अंगाच्या वजनाच्या किलोमागे मिलिग्रॅममध्ये देतो. डिसेंबरात घेतलेलं रीडिंग मग मे महिन्याशी जुळणार कसं? एसीचं बिल सगळ्यांना दिसतं. उन्हाळ्यात वाया गेलेल्या प्रयोगाचा खर्च कुणी मोजत नाही, आणि तो परत करायला पुन्हा नवे उंदीर लागतात.

"वावरात आपण विष घालून मारतो"

मारतो. पिकासाठी मारतो, आणि शेतकऱ्याला त्यासाठी मी बोल लावणार नाही. पण त्याच वावरात फवाऱ्याच्या औषधाचा डबा हातात घ्या. त्यावर एक चौकोन तिरपा उभा असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगवलेला असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. हा रंग ठरवताना प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरचे आकडे बघतात. किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंत पोटात गेल्याने निम्मे प्राणी मरत असतील तर लाल, 51 ते 500 ला पिवळा, 501 ते 5000 ला निळा, त्यापुढे हिरवा.

2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. त्या रंगाचा अर्थ इथे कुणाला समजावून सांगावा लागू नये. तो आकडा काढताना उंदीर उपाशी होता, आजारी होता की घशाऐवजी फुप्फुसात औषध गेल्याने मेला, हे ज्याला कळत नाही त्याच्या हातून रंग चुकू शकतो. पूर्वी अशा एका चाचणीत उंदरांचे मोठे गट मारले जायचे. ती जुनी पद्धत आंतरराष्ट्रीय नियमावलीतून 2002 मध्ये काढली. आता एका टप्प्याला तीन उंदरांवरही काम होतं. कमी जनावरांत उत्तर काढायचं तर प्रत्येक जनावर नीट हाताळलेलं हवं, हाताळणीत चूक परवडत नाही.

सापाच्या लसीचंही थोडक्यात सांगते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरचं आपल्या दवाखान्यातलं औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि त्याची ताकद माईसवर तपासली जाते. घोड्याला विषाचे डोस कुठे आणि किती टोचायचे, रक्त किती काढायचं, याचं ज्ञान नसलं तर घोड्याला गळू होतात, तो खंगतो, आणि तशा घोड्याकडून चांगलं औषध मिळत नाही.

"परदेशी खूळ"

प्राण्यांऐवजी दुसरी पद्धत वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, हे तीन नियम 1959 मध्ये रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी मांडले, हे खरं. पण आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा आहे, आणि त्यासाठी राज्यसभेत आवाज उठवला तो नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. त्या कायद्याच्या 17 व्या कलमात आहे की प्रयोग काळजीने आणि माणुसकीने व्हावेत, शस्त्रक्रियेचे प्रयोग शक्यतो भूल देऊन व्हावेत, आणि नुसता हात बसवण्यासाठी शक्यतो जिवंत जनावर वापरू नये. म्हणून आम्ही सुई आधी रबराच्या उंदरावर उतरवायला शिकवतो. 1998 पासून प्रयोगाआधी संस्थेच्या नीती समितीची मंजुरी लागते, आणि त्या समितीत पशुवैद्य असतो, विज्ञानाबाहेरचा एक माणूसही असतो. आपण त्या तीन नियमांत चौथा घातला: प्रयोगानंतर जगलेल्या जनावराचं पुनर्वसन.

"सर्टिफिकेट वाटायचा धंदा"

इथे मात्र मेसेज लिहिणाऱ्याचं थोडं बरोबर आहे आणि मला ते कबूल करायला हवं. मी एका ट्रेनिंगला गेले होते. दोन दिवस स्लाइड बघितल्या, एकाही जनावराला हात लावला नाही, शेवटी फोटो आणि सर्टिफिकेट. याउलट हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत शास्त्रज्ञांबरोबर जनावरं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांसाठीही अभ्यासक्रम झाले आहेत. तसं ट्रेनिंग नागपूर-अमरावतीत, यवतमाळात व्हायला हवं. त्यात प्रत्येकाच्या हातात पिंजरा द्यावा आणि शेवटी परीक्षा घेऊन नापास करण्याची तयारी ठेवावी.

आणि त्यात आमच्या काकांसारख्यांना पहिल्या रांगेत बसवावं. आमच्याकडे ट्रेनिंगचं पत्र आलं तेव्हा प्राध्यापकांची नावं गेली. काका चतुर्थ श्रेणीतले म्हणून त्यांचं नाव कुणाला सुचलं नाही, मलासुद्धा नाही. ओल्या केसांचा अर्थ त्यांनी मला शिकवला होता. रोज सकाळ-संध्याकाळ खोलीचं तापमान ते एका जुन्या वहीत लिहायचे, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मागच्या वर्षी ते रिटायर झाले. वही आता माझ्या टेबलावर असते, आणि पुढच्या ट्रेनिंगच्या यादीत त्यांच्या जागी आलेल्या मुलाचं नाव मी सगळ्यात वर लिहिलं आहे.