वीतभर पिशवी, हातभर कटकट

हाताने भरतकाम केलेली पिशवी जितकी लहान, तितकी ती शिवणाऱ्याच्या जिवावर उठते, हे गिऱ्हाइकाला पटवण्याचा उपाय अजून निघालेला नाही. बाजाराच्या झोळीत तिरकी शिवण घेरात कुठेतरी खपून जाते. मोबाइलच्या बटव्यात दोन मिलिमीटरचा फरक पडला, तरी तो थेट तोंडावर दिसतो. किंमत मात्र लोक आकारावरूनच करतात. ‘इतुकल्याशा पिशवेक इतले पैसे?’ हा प्रश्न गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत एकाच सुरात ऐकू येतो.

मापापासूनच बघा. मोबाइल 7.8 सेंटिमीटर रुंद आणि कव्हरसकट 1 सेंटिमीटर जाड. सरळ माणूस म्हणेल, पिशवी 8 सेंटिमीटरची करा. पण पिशवीला जाडीभोवतीही वळायचे असते. म्हणून रुंदीत जाडी मिळवायची, हात घालायला आणखी 1 सेंटिमीटर, म्हणजे आतून साधारण 10. दोन्हीकडच्या शिवणी धरून 12. भरायला घेताना मात्र कापड 22 सेंटिमीटर हवे, कारण रिंग, म्हणजे कापड ताणून धरायचे कडे, धरायला चारी बाजूंनी 5-5 लागतात. आणि कापायचे ते भरून झाल्यावर. टाक्यांनी कापड आखडते. आधी कापून मग भरलेला तुकडा मूळ मापावर पुन्हा येत नाही.

आता नक्षी. गोव्यात राहून गुलाब भरणे हा मला आळस वाटतो. अबोली भरावी, पण अबोलीच्या पाकळ्या पंख्यासारख्या एकाच अंगाला पसरतात. लेझी डेझीने, म्हणजे पाकळीसारख्या सुट्या फासाच्या टाक्याने, चहूकडे पाच पाकळ्या काढल्या की ती सदाफुली होते, मग दोरा कितीही अबोली रंगाचा असो. काजूचे बोंड भरावे तर खालची बी ठसठशीत हवी, नाहीतर लोक त्याला ढबू मिरची म्हणतात. मासा भरण्याचे धाडस ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर करावे. इथे प्रत्येकजण बांगड्याच्या पाठीवरचे पट्टे तपासतो.

नक्षी शिवणीपासून दीड सेंटिमीटर आत ठेवावी, नाहीतर पान शिवणीत जाते आणि देठ बाहेर लोंबतो. नाडीच्या बटव्यात वरचा एक तृतीयांश भाग कोराच बरा. नाडी ओढली की तो चुण्यांत जातो, आणि तिथला मोर कोंबडीसारखा दिसू लागतो.

नक्षी छापायच्या पेनांचे तर वेगळेच नाटक. जांभळ्या शाईचे पेन आपोआप उडते. हवेत ओल जास्त असली की लवकर उडते. जुलैत फोंड्याला फूल काढा, सुईत दोरा ओवा, तोवर फूल गेलेले असते. निळे पेन पाण्याने जाते, पण धुण्याआधी इस्त्री फिरवली तर कायमचे राहू शकते. तिसरे इस्त्रीच्या उष्णतेने पुसले जाणारे. ते कडक थंडीत पुन्हा उमटू शकते. गोव्यात ही भीती नाही. पण तीच पिशवी घेऊन एखादा रशियन पाहुणा जानेवारीत घरी उतरला, तर त्याला अबोलीच्या खाली आपली सगळी खाडाखोड वाचायला मिळण्याची शक्यता आहे.

दोऱ्याची लडी सहा पदरी, 8 मीटरची. बारीक कामाला दोनच पदर घ्यावेत, एकेक सुटा ओढून मग जोडावेत. दोन्ही एकदम ओढले की गुंता ठरलेला. तुकडा 45 सेंटिमीटरचा. सारखे ओवायचा कंटाळा म्हणून मीटरभर ओवला, तर तो कापडातून ये-जा करून पिंजतो आणि त्याची चमक जाते. भरीव टाका 1 सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नये: भिंतीवरच्या चौकटीत तो शोभतो, पिशवीवर बांगडीत अडकतो. मोठे पान लांब-आखूड टाक्याने भरावे. गाठीच्या टाक्यांवर इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करावी, म्हणजे गाठी चपट्या होत नाहीत.

भरतकाम संपले की खरी परीक्षा सुरू होते, तिचे नाव चेन. भरलेले कापड सुलटे, त्यावर चेन पालथी, त्यावर अस्तर पालथे, आणि शिवण. दुसरी बाजू तशीच. मग बाहेरचे बाहेरच्याला आणि अस्तर अस्तराला जोडायचे. पिशवी सुलटी करायला अस्तराच्या तळाशी 7-8 सेंटिमीटर जागा उघडी ठेवायची. अस्तराची शिवण दोनेक मिलिमीटर जास्त आत घ्यावी, नाहीतर ते आत चोळामोळा होऊन बसते. आणि शेवटची शिवण मारण्याआधी चेन अर्धी उघडी ठेवावी. हे वाक्य मशीनवर चिकटवून ठेवण्याच्या लायकीचे आहे. चेन बंद राहिली तर पिशवी सुलटी करायची वाटच उरत नाही. मग चेनचा रनर कापडाच्या वरूनच चिमटीत धरून सरकवत बसावे लागते. दवाखान्यात लहान मुलाचे तोंड उघडून घ्यावे, तशातला तो प्रकार.

कुणबी लुगड्याचे लाल चौकडे सुंदर दिसतात, पण कापड आधी वेगळे धुऊन रंग जातो का ते बघावे. नाहीतर पहिल्या सरीत पांढरे अस्तर गुलाबी. पुढच्या-मागच्या भागांचे चौकडे बाजूच्या शिवणीवर जुळले नाहीत, तर सहा तास भरलेल्या फुलाकडे कोणी बघत नाही. सगळ्यांची नजर त्या मोडलेल्या रेघेवर.

पावसात लोखंडी बटण गंजते, रिंगचा स्क्रू गंजतो आणि कापडावर तपकिरी ठिपका सोडतो. म्हणून काम थांबले की रिंग काढावी, आणि बटण पितळी किंवा लाकडी घ्यावे. कपाटात कापूर ठेवून निर्धास्त होणाऱ्यांना सांगायला हवे की कापूर किड्यांसाठी; बुरशी त्याला भीक घालत नाही. तिला कापडातली खळ आवडते. खळ धुऊन काढावी, कापड कडकडीत वाळवावे आणि मगच घडी घालावी.

एवढे करून टाके सारखे आले तर विचारतात, ‘मशीनचे ना?’ थोडे कमी-जास्त आले तर, ‘हे घरी जमेल.’ आणि जानेवारीत फोन: ‘वयनी, संक्रांतीच्या वाणाला पन्नास बटवे, सगळे हाताने भरलेले. पुढच्या आठवड्यात चालतील.’ एका बटव्याला निव्वळ भरायला तास धरला तरी पन्नास तास झाले, शिवण वेगळी. अशा वेळी कोपऱ्यात एकच अबोली, तीन पदरी दोऱ्याने, झटपट लेझी डेझीत. सदाफुली झाली तरी हळदीकुंकवाला कोणी वनस्पतिशास्त्र तपासत नाही. नाड्या मात्र दोन घालाव्यात, समोरासमोरच्या बाजूंनी ओवून. एकाच बाजूने ओवलेली नाडी बटव्याचे तोंड वाकडे करते, आणि तेवढे मात्र पन्नासही जणींना दिसते.