विषाणू निर्दोष आणि गोळ्या गुन्हेगार?

‘एचआयव्ही पेशी मारतच नाही, मारतात त्या सरकारी गोळ्या, बंद करा आणि गुळवेलाचा काढा घ्या.’ हा लांबलचक मेसेज इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. फिरेना का! पण आमच्या मावशीने तो नेमका घरातल्या अशा माणसाला धाडला, जो रोज रात्री ती गोळी घेतो. त्याने मला विचारलं, "दोन महिने बंद करून पाहू का?" म्हणून हा खटाटोप.

मेसेजमधला हुशार मुद्दा एकच: रक्तात शंभरात एखादी सीडी-४ पेशी (रोगाशी लढणारी पांढरी पेशी, एचआयव्ही हिच्यावरच हल्ला करतो) बाधित सापडते, मग बाकीच्या कशाने मरतात? बाधित पेशी थोड्याच असतात, कबूल. हे कोडं शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं छळत होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत वॉर्नर ग्रीन यांच्या गटाने माणसाच्या टॉन्सिलच्या आणि प्लीहेच्या ऊतींत विषाणू सोडून पाहिला. २०१४ मध्ये चित्र बरंच स्पष्ट झालं. मरणाऱ्या पेशींपैकी सुमारे ९५ टक्के पेशींत विषाणू शिरला होता, पण मध्येच अडकला होता. त्याचा अर्धवट डीएनए पेशीला खुपतो, कॅस्पेस-१ हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि पेशी फुटते. दाह वाढवणारी द्रव्यं बाहेर सांडतात, त्यांच्यामागे नव्या सीडी-४ पेशी येतात आणि त्यांचीही तीच गत होते. आग विझवायला आलेलेच जळावेत, तसं. आणि विषाणूला पेशीत शिरूच न देणारं औषध घातलं, की या पेशी वाचतात. ज्याने पेशी वाचतात ते मारेकरी कसं?

मेसेज पुढे म्हणतो, ‘एझेडटी (एचआयव्हीवरचं जुनं औषध) विषारी आहे.’ अर्धं खरं. १९८७ मध्ये आलेल्या त्या औषधाचे सुरुवातीचे डोस जबर होते, रक्तक्षय व्हायचा. आज बहुतेकांना मिळते ती गोळी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिरची.

गुळवेलाने विषाणू आटोक्यात येत नाही. बस.

आता ‘बंद करून पाहा’. पाहून झालंय! ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीत ५,४७२ लोक होते. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सीडी-४ पेशी ३५०च्या वर असताना निम्म्यांच्या गोळ्या थांबवल्या, २५०च्या खाली गेल्यावर पुन्हा दिल्या. थांबवलेल्यांत संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती ढासळल्यावर डोकं वर काढणारे) आणि मृत्यू अडीचपटीहून जास्त निघाले. २००६ मध्ये प्रयोग अर्ध्यातच आवरावा लागला.

गोळीने झोप उडत असेल, वजन वाढत असेल, तर इंदूरच्या एमवाय रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे) सांगा. वेळ बदलता येते, गरज पडली तर औषधही. बंद मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही करू नका.