हजेरी घेऊन पोरं शिकत नाहीत

सांगलीकडच्या एका कॉलेजात प्राचार्य असलेल्या वर्गमित्राने आमच्या ग्रुपवर आपला नवा नियम टाकला: ऑनलाइन तासाला कॅमेरा चालू हवा, दर पंधरा मिनिटांनी हजेरी, ओ न देणारा गैरहजर. खाली अंगठ्यांची रांग. एकाने वर पुस्ती जोडली, ‘आपली पोरं धाकाशिवाय बसत नाहीत.’ माझं डोकंच फिरलं.

मी इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो, तिथल्या ओपन युनिव्हर्सिटीत ट्यूटर आहे. हे विद्यापीठ 1971पासून लोकांना घरबसल्या शिकवतंय. आधी टपालाने आणि बीबीसीवरून, आता स्क्रीनवरून. माझ्या संध्याकाळच्या तासाला एकाचाही कॅमेरा चालू नसतो. रात्रपाळीला निघालेली नर्स असते, एम1 महामार्गावरच्या थांब्याला गाडी लावून ऐकणारा डॉनकास्टरचा ट्रकवाला असतो. निम्मे येतच नाहीत, रेकॉर्डिंग बघतात. टीएमए, म्हणजे ट्यूटरने तपासायचा लेखी स्वाध्याय, मात्र वेळेवर येते, कारण मी ती ओळन् ओळ वाचणार हे त्यांना ठाऊक असतं. त्या ट्रकवाल्याच्या निबंधात पुरावे आधी आणि मुद्दा पार शेवटी होता. मी तेवढंच लिहून पाठवलं. पुढच्या खेपेला त्याने मुद्दा वर घेतला, आणि खाली माझ्याच शेऱ्यावर प्रश्न विचारला.

हे ग्रुपवर लिहिलं, तर प्राचार्यांचं उत्तर आलं: ‘तिथे बसून बोलायला तुझं काय जातं? माझ्याकडे एका तासाला एकशेवीस पोरं, आणि शिकवणारे तासिका तत्त्वावर.’ अरे, मग दुखणं तिथेच आहे ना! तासाचे पैसे मिळतात, वह्या वाचायचे मिळत नाहीत. वाचणार कोण? ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन मंचावर व्हिडिओ रग्गड आहेत, वानवा आहे ती वाचणाऱ्याची.

आणि धाकाचं म्हणाल, तर आमच्या आईने नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. स्वयंपाकघर आवरून रात्री पुस्तकं, रविवारी अभ्यासकेंद्र. समंत्रक बाईंनी स्वाध्यायावर लिहिलेला शेरा तिने शेजारच्या काकूंना वाचून दाखवला होता.

मित्राचं ते ‘तिथे बसून बोलायला’ मात्र लागलं. डॉनकास्टरच्या माणसाचं लिखाण मी मन लावून वाचतो, मिरजेच्या एका पोराचंही कधी वाचलेलं नाही. ती बोच आहे म्हणून मी एवढा भांडतो. वीस पोरं माझ्याकडे दे, मराठीत लिहू देत, दर रविवारी वाचून पाठवीन, असं त्याला कळवलंय. उरलेल्या शंभरांसाठी त्याच्या तासिकावाल्यांना वाचण्याचे पैसे द्यावेच लागतील, आणि ते काही मी इथून देऊ शकत नाही.