मधुचंद्रामुळे वाचलेलं शहर? काहीतरीच!

जपानमधल्या क्योतो शहरावरचा तो लांबलचक फॉरवर्ड याआधी दोन मित्रांनी पाठवला होता, तेव्हा गप्प बसलो. परवा तो आत्याने घरच्या ग्रुपवर टाकला. आत्या इतिहासाची निवृत्त शिक्षिका. आता ती तो भिशीत वाचून दाखवणार आणि बायका मान डोलावणार. म्हणून हे लिहितोय.

ज्यांना तो अजून आलेला नाही (नशीबवान आहात!), त्यांच्यासाठी थोडक्यात: क्योतोची लाकडी देवळं बाराशे वर्षं जशीच्या तशी उभी आहेत, त्यांत एक खिळाही नाही, सुवर्णमंदिरावरचं सोनं सहाशे वर्षांचं आहे आणि महायुद्धात शहरावर एकही बॉम्ब पडला नाही, कारण अमेरिकेच्या युद्धमंत्र्याने तिथे मधुचंद्र साजरा केला होता.

शहर ७९४ साली राजधानी झालं, इतकं बरोबर. पण ते किती वेळा जळलं! १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धात बहुतेक शहर राख झालं, १७८८ आणि १८६४ मध्ये पुन्हा मोठ्या आगी लागल्या. कियोमिझु देवळाचा आजचा मुख्य सभामंडप १६३३ चा. सुवर्णमंदिर तर १९५० साली तिथल्याच एका तरुण शिकाऊ भिक्षूने पेटवलं. १९५५ मध्ये ते नव्याने उभं राहिलं आणि आज चकाकतो तो जाड वर्ख १९८७ चा. आत्याच्या मंगळसूत्रातलं सोनं त्याहून जुनं आहे.

खिळ्यांचं म्हणाल, तर कियोमिझुचा तो उंच लाकडी सज्जा खरंच खांबांना भोकं पाडून, त्यांत आडव्या तुळया घालून, बिनखिळ्यांचा उभा केलाय. तेवढं मान्य. पण एका सज्ज्यावरून अख्ख्या शहराचे खिळे उपटायचे?

आता मधुचंद्र. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांचं लग्न १८९३ चं, क्योतोची भेट १९२६ ची. एकोणसाठाव्या वर्षी, लग्नानंतर तेहतीस वर्षांनी कसला मधुचंद्र? बॉम्बही पडले: १९४५ च्या जानेवारीत उमामाचीवर, जूनमध्ये निशिजिन या विणकरांच्या वस्तीवर. माणसं मेली. त्याहून मोठे हल्ले झाले नाहीत, यामागे प्रेमबिम नव्हतं. त्या मे महिन्यात लक्ष्य ठरवणाऱ्या समितीने अणुबॉम्बसाठी क्योतोला पसंती दिली होती आणि अशी शहरं नेहमीच्या बॉम्बफेकीतून राखून ठेवली जात होती. समितीच्या टिपणातलं एक कारण तर अंगावर येतं: इथले लोक सुशिक्षित, त्यांना या अस्त्राचं महत्त्व नीट कळेल.

स्टिमसन यांनी हट्टाने क्योतो यादीतून काढायला लावलं, हे खरं. शहर त्यांनी पाहिलं होतं, तिथल्या वारशाची त्यांना जाण होती, हेही खरं. पण २४ जुलै १९४५ ची त्यांची रोजनिशी काढून बघा. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्याशी काय बोलणं झालं ते तिथे आहे: क्योतो उद्ध्वस्त केलं तर इतकी कटुता येईल की युद्धानंतर जपानी लोक आपल्याऐवजी रशियाकडे वळतील. सरळ राजकारणाचा हिशोब.

आणि फॉरवर्डमध्ये जे नावालाही नाही ते हे, की क्योतो वगळल्यावर त्याच दिवसांत यादीत एक नवं नाव घातलं गेलं, नागासाकी. ९ ऑगस्टला तिथे काय झालं हे आत्यानेच आम्हाला शाळेत शिकवलं होतं.