एकच पासवर्ड, पण आधी समिती

विद्यापीठात सिंगल साइन-ऑन, म्हणजे एकाच लॉगिनवर सगळे विभाग उघडायची सोय, आणायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल तर अभिनंदन. फक्त घाई करू नका. प्रकरण तसं जुनंच आहे. एकदा पासवर्ड टाकला की सगळीकडे चालावा म्हणून एमआयटीत १९८० च्या दशकातच कर्बेरॉस नावाची यंत्रणा तयार झाली. एका ठिकाणच्या लॉगिनची खात्री दुसऱ्या ठिकाणी कशी कळवायची ते ठरवणारं सॅमल २.० हे प्रमाण २००५ चं. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र 'इन्फेड' चालवतं, त्यात आपल्या संस्थेच्या लॉगिनने बाहेरची जर्नल्स उघडतात. एवढी वर्षं गेलीच आहेत, अजून एक उन्हाळा गेला तर कुणाचं काय बिघडतंय? मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात सर्व्हर आणि साहेब दोघंही तापलेलेच असतात.

आधी समिती नेमा. परीक्षा, ग्रंथालय, लेखा, वसतिगृह, आस्थापना, सगळ्यांना घ्या. तांत्रिक भाग सोपा आहे: पासवर्ड एकाच मध्यवर्ती सर्व्हरने तपासायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या सहीच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा. 'विश्वास' म्हटलं की बैठक आपोआप पुढच्या महिन्यात जाते. परीक्षा विभाग ग्रंथालयाचा शब्द मानत नाही आणि लेखा विभाग कुणाचाच मानत नाही.

तरीही काम रेटून पुढे निघालं, तर नावं जुळवायला घ्या. त्यासाठी सोलापूरसारखं सोयीचं गाव नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली पोरं एकाच यादीत. मल्लिकार्जुनचा 'एल' परीक्षा विभागात दोनदा, ग्रंथालयात एकदाच. आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी, तर कुठे थेट वडिलांच्या नावाच्या रकान्यात. एका पोराची तीन माणसं होतात. नावं सोडून पीआरएनने, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकाने, जुळवलं की प्रश्न सुटतो, हे ज्या कारकुनाच्या लक्षात येईल त्याचं टेबल ताबडतोब बदला.

झालंच सुरू, तर जुने सगळे पासवर्ड 'तूर्तास' चालू ठेवा आणि त्यावर हा नवा द्या. तो दर महिन्याला बदलायला लावा. पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर मुदतीने बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितलंय. पण त्यांच्याकडे आपल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरत नाही, त्यांना काय कळतंय. मग सिद्धेश्वर@जानेवारी, सिद्धेश्वर@फेब्रुवारी अशा चिठ्ठ्या टेबलावरच्या काचेखाली ओळीने लागतात. काच रोज पुसली जाईल एवढं बघा.

लॉगआउटचा विषय काढूच नका. लॅबमध्ये पोरानं ग्रंथालयाच्या पानावर लॉगआउट केलं तरी मध्यवर्ती सर्व्हरचं सत्र उघडंच राहू शकतं. पुढचा बसणारा थेट त्याच्या गुणपत्रिकेत. याला आंतरविभागीय समन्वय म्हणायचं.

पासवर्ड विसरलेल्यांना नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवा. तो मोबाइल चौकातल्या नेट कॅफेवाल्याचा असतो, कारण प्रवेशाचा फॉर्म त्यानंच भरलेला. परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी अर्धा वर्ग त्याच्या काउंटरपुढे. एका हातानं झेरॉक्स काढत तो ओरडतो, "चार-सात-नऊ कुणाचा बे?" त्याच्या लांबड्या वहीत सगळ्या पोरांचे सगळे पासवर्ड एकाच ठिकाणी आहेत आणि दहा रुपयांत लगेच मिळतात. निविदा काढताना उलाढालीची अट जरा वरचीच ठेवा, नाहीतर अनुभवाच्या जोरावर तोच पात्र ठरायचा.