सयाजीरावांच्या शाळा फौजेच्या पैशातून उभ्या राहिल्या नव्हत्या

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. दांडिया बाजारातल्या ज्येष्ठांपासून शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलांपर्यंत तो पोचलेला दिसतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भारताला एवढ्या मोठ्या आणि महागड्या सैन्याची गरज नाही. कोस्टारिका, आइसलँड सैन्याविना सुखात आहेत, स्वित्झर्लंड तटस्थ राहून सुरक्षित आहे. आपल्याकडे अणुबॉम्ब आहे, तेव्हा कोणी वाट्याला जाणार नाही. सैन्याचा पैसा हा शाळा-दवाखान्यांच्या तोंडचा घास आहे. सोव्हिएत संघ फौजेच्या ओझ्याखाली बुडाला. आणि शेवटी, आपल्या सयाजीराव महाराजांनी फौजेऐवजी शाळांवर पैसा घातला, म्हणूनच बडोदा घडलं.

मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. शाळा कमी पडतात, दवाखान्यात रांगा लागतात, आणि त्याचा राग येणं योग्यच आहे. पण या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक दाखला अर्धवट सांगितलेला आहे, आणि शेवटचा तर आपल्या घरचा आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सयाजीरावांनी फौजेऐवजी शाळा काढल्या?

शाळा काढल्या हे शंभर टक्के खरं. 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, 1906 मध्ये तेच सगळ्या संस्थानात. गावोगावी वाचनालयं, 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा, 1913 मध्ये डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती. पण हे फौजेचा खर्च वाचवून झालं, असं म्हणायला आधार नाही. बडोद्याच्या संरक्षणाची किंमत महाराजांच्या जन्माच्या साठ वर्षं आधीच चुकती झाली होती, आणि ती फार मोठी होती.

1800 मध्ये गोविंदराव गायकवाड वारले आणि आनंदराव गादीवर आले. राज्यकारभार त्यांच्या आवाक्यातला नव्हता. शहरात अरब सिबंदीचा, म्हणजे पगारी अरब शिपायांचा, जोर होता. फौजेचे पगार थकलेले, पगारासाठी सावकारांकडून कर्ज काढलेलं, आणि त्या कर्जाला हमी अरब जमादारांची. या बहांदारीमुळे राज्याची किल्ली त्यांच्या हातात गेली होती. दिवाण रावजी आपाजींनी मुंबईच्या कंपनी सरकारकडे मदत मागितली. मेजर वॉकर पलटणी घेऊन आले. 1802 च्या अखेरीस कंपनीच्या फौजेनं बडोद्याला वेढा दिला आणि अरबांना शहर सोडावं लागलं.

याची किंमत करारात लिहिली गेली. एप्रिल 1805 च्या तहानुसार कंपनीनं तीन हजार पायदळ आणि युरोपियन तोफखान्याची एक तुकडी तैनाती फौज म्हणून द्यायची, आणि तिच्या खर्चापोटी गायकवाडांनी वर्षाला 11 लाख 70 हजार उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा. परराज्यांशी बोलणं यापुढे कंपनीमार्फतच होणार होतं. म्हणजे फौजेचा खर्च टळला नाही. राज्यानं तो पगाराऐवजी जमिनीनं भरला, आणि जी फौज उभी राहिली तिचा हुकूम गायकवाडांच्या तोंडून निघत नव्हता.

हुकूम कोणाच्या तोंडून निघतो, ते 1875 मध्ये दिसलं. दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करवल्याचा आरोप तेव्हाचे राजे मल्हारराव महाराज यांच्यावर ठेवला गेला. जानेवारीत इंग्रजांनी त्यांना अटक केली. चौकशी आयोग सहा जणांचा होता. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा आणि सर दिनकरराव यांनी आरोप सिद्ध झाला नाही असं मत दिलं, तर तिघा इंग्रज सदस्यांनी दोषी ठरवलं. मतं समसमान पडली. तरी एप्रिलमध्ये मल्हाररावांना गैरकारभाराचं कारण देऊन पदच्युत केलं गेलं आणि मद्रासला पाठवलं गेलं. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असं मी म्हणणार नाही, रयत त्यांना कंटाळली होती. पण वाईट राजाला घालवायचा अधिकार रयतेकडे किंवा दरबाराकडे नव्हता. तो फतेहगंजच्या कॅम्पात ज्यांची पलटण होती त्या इंग्रजांकडे होता.

आणि त्याच वर्षी 27 मे रोजी नाशिककडच्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला. ज्या महाराजांचा दाखला हा मजकूर देतो, त्यांचं गादीवर येणंच या व्यवस्थेतून घडलं. पुढे 1911 च्या दिल्ली दरबारात त्यांनी बादशहाला एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून परत आले, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी काहूर माजवलं आणि अखेर त्यांना व्हाइसरॉयकडे दिलगिरीचं पत्र पाठवावं लागलं. हिंदुस्थानातल्या सर्वांत पुढारलेल्या संस्थानाच्या राजाला हे करावं लागलं. शाळा, वाचनालयं, बँक, सगळं होतं, पण स्वतःच्या मानेवर स्वतःचा हक्क नव्हता.

मला सयाजीरावांबद्दल अपार आदर आहे. म्हणूनच त्यांनी जे परक्या पहाऱ्याखाली राहूनही करून दाखवलं, त्याचा वापर 'पहाराच नको' हे पटवण्यासाठी होतो तेव्हा वाईट वाटतं.

कोस्टारिका, आइसलँड आणि स्वित्झर्लंड

कोस्टारिकानं 1 डिसेंबर 1948 रोजी सैन्य मोडलं, 1949 च्या घटनेत ते लिहूनही ठेवलं. मजकूर इथेच थांबतो. त्याच डिसेंबरात निकाराग्वातून सशस्त्र टोळ्या कोस्टारिकात घुसल्या. 1955 च्या जानेवारीत पुन्हा घुसल्या. दोन्ही वेळा अमेरिकी देशांच्या संघटनेला मध्ये पडावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी अमेरिकेनं चार मस्टँग लढाऊ विमानं एकेक डॉलरला दिली. म्हणजे संरक्षण होतं, फक्त ते दुसऱ्याच्या फौजेचं होतं. तो देश साधारण पन्नास लाख लोकांचा. 2011 च्या जनगणनेत आपला अविभाजित बडोदा जिल्हाच एक्केचाळीस लाखांवर होता. पन्नास लाखांचा देश बड्या शेजाऱ्याच्या छत्राखाली राहू शकतो. एकशेचाळीस कोटींनी कोणाच्या छत्राखाली जायचं, हे मजकूर सांगत नाही.

आइसलँड 1940 मध्ये तटस्थ होता आणि त्याच्याकडे सैन्य नव्हतं. 10 मे रोजी ब्रिटिश फौजा तिथे उतरल्या, परवानगी न घेता. युद्धानंतर 1949 मध्ये आइसलँड नाटोचा संस्थापक सदस्य झाला आणि केफ्लाविकच्या तळावर 2006 पर्यंत अमेरिकी फौज होती.

स्वित्झर्लंडचं नाव या यादीत कसं आलं हेच कळत नाही. तिथे पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे. 1989 मध्ये सैन्यच बरखास्त करावं का यावर सार्वमत झालं, लोकांनी ते फेटाळलं. 2013 मध्ये सक्तीची सेवा काढावी का यावर झालं, आणि 73 टक्क्यांनी 'नको' म्हटलं. ही तटस्थता बंदूक खाली ठेवून आलेली नाही.

स्वीडनचा दाखला मजकुरात नाही, पण तो असायला हवा होता. रशियाकडून आता धोका नाही असं धरून त्या देशानं 2005 मध्ये गॉटलंड बेटावरची फौज हलवली, 2010 मध्ये सक्तीची भरती बंद केली. 2014 मध्ये रशियानं युक्रेनचा क्रिमिया घेतला आणि हिशेब उलटला. भरती पुन्हा सुरू झाली, बेटावर पुन्हा तुकडी बसवली, आणि 2024 मध्ये स्वीडन नाटोत गेला. फौज मोडायचा निर्णय एका अर्थसंकल्पात होतो. ती उभी करायला पिढीतले अनुभवी सुभेदार, प्रशिक्षक, कारखाने सगळंच परत गोळा करावं लागतं.

अणुबॉम्ब असल्यावर जवान कशाला?

मे 1998 मध्ये आपण आणि पाकिस्ताननं अणुचाचण्या केल्या. वर्षभरात कारगिल झालं. 527 जवान गेले. 15 जून 2020 ला गलवानमध्ये 20 जवान गेले, तेही गोळी न चालता. दोन्ही वेळा समोरच्याकडे अणुबॉम्ब होता आणि आपल्याकडेही. एका डोंगरमाथ्यासाठी कोणी अणुबॉम्ब टाकत नाही, हे शत्रूलाही ठाऊक असतं. म्हणूनच तो एकेक माथा घ्यायला बघतो.

कारगिलमधली एक गोष्ट या वादात फार महत्त्वाची आहे. त्या भागातल्या उंच चौक्या कडाक्याच्या थंडीत रिकाम्या करायची दोन्ही बाजूंची प्रथा होती. इतक्या उंचीवर बारमाही माणसं ठेवणं महागात पडतं, जिकिरीचंही असतं. 1999 च्या हिवाळ्यात घुसखोर त्याच रिकाम्या जागांवर येऊन बसले. ते माथे परत घेताना खालून वर चढत जावं लागलं, आणि म्हणून एवढे जीव गेले. युद्धानंतर लेहला चौदावी कोअर उभी राहिली, आणि चौक्या बारा महिने धरल्या जाऊ लागल्या. 'एवढं मोठं सैन्य कशाला' याचं उत्तर बरंचसं इथे आहे. पाकिस्तानशी 3,323 किलोमीटर आणि चीनशी 3,488 किलोमीटर सीमा, तीही बरीचशी पहाडातली. तिथे एका चौकीमागे रसद वाहणारे, रस्ते उघडे ठेवणारे, बदलीला वर जाणारे असे कितीतरी जवान लागतात. ड्रोन आणि उपग्रह घुसखोर दाखवतील, पण माथ्यावर बसून राहायला माणूसच लागतो.

शाळांचा पैसा सैन्याकडे जातो?

2025-26 मध्ये केंद्राची संरक्षणासाठीची तरतूद 6 लाख 81 हजार कोटी होती, शिक्षण मंत्रालयाची साधारण 1 लाख 28 हजार कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की धक्का बसतो, आणि मजकुरानं तेच केलं आहे. पण बहुतेक सरकारी शाळा केंद्र चालवत नाही. बडोद्यातल्या महापालिकेच्या शाळांचे पगार, सयाजी हॉस्पिटलचा खर्च, हे राज्याच्या आणि महापालिकेच्या तिजोरीतून येतं. संरक्षणाचा सगळा खर्च मात्र एकट्या केंद्राच्या माथी असतो. एका बाजूला पूर्ण बेरीज आणि दुसऱ्या बाजूला तुकडा, ही तुलना खोटी पडते.

यापेक्षा बोलकी गोष्ट वेगळी आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च व्हावा असं कोठारी आयोगानं 1966 मध्ये सांगितलं. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही तोच आकडा आहे, कारण तो अजून गाठलेला नाही. या काळात संरक्षणाचा वाटा 1980 च्या दशकातल्या 3 टक्क्यांहून जास्तवरून आता 2 टक्क्यांच्या खाली आला. फौजेचा वाटा इतका घटूनही 6 टक्के गाठले गेले नाहीत. शाळांना पैसा का मिळत नाही, याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि ते शोधणाऱ्यांच्या बाजूनं मी उभा राहीन.

काटकसरीचा अनुभवही आपल्याला आहे. 1962 च्या आधी संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 2 टक्क्यांच्या आसपास होता. चीनच्या सीमेवरच्या नामका चू नदीकाठी जवान सुती कपड्यांत आणि जुन्या .303 रायफली घेऊन उभे होते. पराभवाला चुकीचे राजकीय आणि लष्करी निर्णयही तितकेच कारण होते. पण युद्धानंतर खर्चाचा वाटा जवळजवळ दुप्पट करावा लागला, दहा पर्वतीय डिव्हिजन उभ्या करायच्या ठरल्या. वाचवलेलं सगळं दामदुपटीनं गेलं, आणि गेलेली माणसं परत आली नाहीत.

सोव्हिएत संघ

हा मुद्दा खरा आहे, आणि मी तो मान्य करतो. फौजेचा आकार म्हणजे सुरक्षा नव्हे. याला पुरावा बडोद्यातही आहे: अरब सिबंदी महागडी होती आणि तिनं धन्यालाच ओलीस धरलं. मल्हाररावांच्या आधीच्या खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा ओतवल्या, मल्हाररावांनी त्यांच्यावर ताण म्हणून सोन्याच्या. मल्हाररावांना पकडायला माणसं आली तेव्हा त्या तोफांचा काही उपयोग नव्हता. पगार वेळेवर मिळणारी, दारूगोळा भरलेला असणारी आणि लोकांनी निवडलेल्या सरकारच्या हुकमात राहणारी फौज हवी. सोव्हिएत तिजोरीवरचं ओझं आपल्यापेक्षा कितीतरी पट होतं, त्यामुळे ती तुलना आकड्यांत बसत नाही. पण खर्च नीट होतो का हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

आणि तिथे विचारण्यासारखं पुष्कळ आहे. 2017 च्या कॅग (देशाचे महालेखापरीक्षक) अहवालानं दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणार नाही असं म्हटलं होतं. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या 42 स्क्वाड्रन (तुकड्या) मंजूर आहेत. 1963 मध्ये आलेलं मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झालं, तेव्हा हाताशी 29 उरल्या. 2024-25 मध्ये शस्त्रखरेदीसाठीच्या भांडवली तरतुदीतले साडेबारा हजार कोटी खर्चच होणार नाहीत म्हणून सुधारित अंदाजात कमी झाले. मजकूर लिहिणाऱ्याचा राग या आकड्यांकडे वळला असता तर तो मीही पुढे पाठवला असता.

यातला एक हिशेब तर आपल्या गावातच तपासता येतो. जुन्या अ‍ॅव्हरो विमानांच्या जागी येणारी 56 सी-295 वाहतूक विमानं 21,935 कोटींच्या कराराची आहेत. सोळा स्पेनहून तयार आली, चाळीस बडोद्यात बनणार. त्या कारखान्याचं उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झालं. करारानुसार इथलं पहिलं विमान सप्टेंबर 2026 मध्ये आणि शेवटचं 2031 मध्ये हवाई दलाला मिळायचं आहे. तारखा पाळल्या जातात का, किती सुटे भाग खरंच इथे बनतात, हे आपल्या खासदारांना विचारायचा हक्क बडोदेकरांना आहे, आणि तो आपण वापरायला हवा.